आधी खूण, मग मेंढरू

आबाजींनी दोन बोटं तोंडात घालून लांब शिट्टी मारली, तशी ओढ्यापलीकडून वीस मेंढरं आणि एक पोरगी धावत आली.

नकोशी बांधावर पिशवी टेकवून हे बघत उभी होती. इंदापूरहून एसटीनं बारामती, तिथून वडापच्या जीपनं जळोची आणि पुढं पिंपळमळ्याच्या वस्तीपर्यंत मे महिन्याच्या उन्हात पायपीट, असं करून ती माहेरी पोचली होती. पोरगी तिच्या भावाची, प्रतीक्षा. सहा वर्षांची झाली होती. ती आली आणि मेंढरांच्या शेजारी उभी राहिली. आबाजींनी जिभेनं टक टक केलं. मेंढरं पाण्याकडं वळली, आणि पोरगीही वळली.

"बघ, कशी शानी हाय," आबाजी लेकीला म्हणाले. "शिट्टी मारायचा आवकाश, आली म्हणून समज."

नकोशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांनी भेटणाऱ्या बापाच्या पाया पडायचं तिच्या डोक्यातून निघूनच गेलं.

"आबा, ते लेकरू हाय का कोकरू?"

आबाजींना प्रश्नच कळला नाही. त्यांनी मेंढरं मोजायला घेतली.

भावजय सारजाचा निरोप आला होता, म्हणून नकोशी आपली दोन पोरं सासूच्या हवाली करून आली होती. निरोप एवढाच होता, 'वन्सं, या. पोरीला मुकी ठरवलीय.' झालं होतं असं, की एप्रिलात वस्तीवरच्या शाळेचे गुरुजी पटनोंदणीसाठी घरोघर फिरत आले. त्यांनी पोरीला तीनदा नाव विचारलं. पोरीनं तीनदा आबाजींच्या तोंडाकडं बघितलं. गुरुजींनी वहीत 'मुकी' असं लिहिलं, आणि जरा विचार करून पुढं 'बहिरी असण्याची शक्यता' असंही लिहिलं. मग पिशवीतून एक फॉर्म काढून दिला. लांबच्या जिल्ह्यात मूकबधिरांची निवासी शाळा होती. राहणं, जेवण फुकट. वर्षातून दोनदा घरी यायला मिळणार. शाळा उघडायच्या दिवशी फॉर्म सही करून आणा, म्हणाले. पुढचं सगळं तेच बघणार होते.

"बहिरी?" नकोशी चुलीपुढं ओरडलीच. "ओढ्यापल्याडनं शिट्टीवर पळत येती ती बहिरी? त्या मास्तरला तरी ऐकू येतं का?"

सारजा खाली मान घालून भाकरी थापत राहिली. तिचं तरी काय चुकलं होतं? सकाळी सातला काटेवाडीकडं खुरपणीला जाणारा टेम्पो यायचा, तो तिला दिवे लागायच्या वेळेला आणून सोडायचा. तिचा नवरा नागेश एमआयडीसीत शिफ्टमध्ये. तो घरी असला की झोपलेला असायचा, आणि झोपलेल्याला उठवायचं नाही हा घरचा कायदा होता. पोरगी दोन वर्षांची झाली तेव्हापासून आबाजींबरोबर कॅनॉलच्या कडेनं मेंढरांमागं. आबाजी मुळातच मितभाषी. ज्याला दिवसभर मेंढरांशीच काम, तो शब्द कशाला खर्च करील? एक लांब शिट्टी म्हणजे ये, दोन आखूड म्हणजे थांब, टक टक म्हणजे पाणी पी. पोरगी सगळं शिकली. वस्तीवरची माणसं कौतुक करायची. पोरगी बोलत कशी नाही, याची काळजीही तीच माणसं करायची.

काळजी करून त्यांनी उपायही केले होते. शेजारच्या कुशाबाईनं सांगितलं म्हणून पोपटानं टोचलेले पेरू शोधून शोधून पोरीला खाऊ घातले. नरसिंहपूरला नवस बोलून झाला. हे ऐकल्यावर तर नकोशीनं कपाळावर हात मारला.

"पोपटाचं उष्टं घातलंत. देवाशी बोललात. आनि पोरीशी?"

"पोरीशी काय बोलायचं, वन्सं? ती बोलतच न्हाय."

खरं सांगायचं तर नकोशीचा राग आजचा नव्हता. ती चौथी मुलगी. पुढं पोरगी नको म्हणून तिचं नाव नकोशी ठेवलं. तिच्याशी घरात कुणी बोललं ते 'पाणी आण' आणि 'बाजूला हो' एवढंच. ते निदान समजण्यासारखं होतं; नको होती, नाही बोलले. पण ही तर लग्नानंतर पाच वर्षं वाट बघून झालेली. बारशाला पेढे वाटले, नाव हौसेनं प्रतीक्षा ठेवलं. हवं असलेलं लेकरूही या घरात असंच वाढत असेल, तर इथलं बोलणं नक्की कुणासाठी राखून ठेवलं होतं? नकोशीला याचं उत्तर पाहिजे होतं, आणि ते देणारं माणूस घरात एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं घरात दोन नियम लावले. पोरीला शिट्टी मारायची नाही. आणि पोरीनं बोट दाखवलं म्हणून काही द्यायचं नाही.

"मग हाक कशी मारायची?" आबाजींनी विचारलं.

"नाव ठेवलंय ना? का ते पेढं खाण्यापुरतं व्हतं?"

आबाजी रागावले. काठी उचलून मेंढरांमागं निघून गेले. पोरगी त्यांच्यामागं निघाली, तिला नकोशीनं दंडाला धरून घरात बसवलं. दुपारभर पोरगी दाराकडं तोंड करून रडत होती.

तिच्याशी खेळायचं काय, हे नकोशीनं एसटीतच ठरवलं होतं. तिच्या दोन्ही पोरांना बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. सासू दिवसभर त्यांना काहीबाही विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची, एवढंच. इथं ओट्यावरच्या गप्पा चालणार नव्हत्या. इथं मेंढरांचंच काहीतरी हवं होतं. मग तिला वाघरीबाहेरचा रिवाज आठवला. आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात शिरलं, तर त्याच्या वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, बाहेर उभं राहायचं. आत डोकावायचं नाही, बोट दाखवायचं नाही. 'आमचं हरवलंय' एवढंच म्हणायचं. आतला माणूस म्हणतो, 'खूण सांग.' मग कपाळावरचा ठिपका, कानाची चीर, चालताना ओढला जाणारा पाय, सगळं तोंडानं सांगायचं. खुणा पटल्या तर तो म्हणतो, 'हाय, ने.' नाही पटल्या तर म्हणतो, 'न्हाय बघितलं.' आधी खूण, मग मेंढरू. यात भांडण होत नाही, आणि खोटेपणाही चालत नाही.

चहाचे तीन कप होते घरात. त्यातला एक पोरीचा. दुसऱ्या कपातून दिला तर ती चहाला तोंड लावायची नाही. नकोशीनं तो पाटीखाली झाकला.

"माझ्याकडं कुणाचा तरी कप आलाय बाई," ती म्हणाली. "कुणाचा हाय कुणास ठाऊक. खूण सांगितल्याबिगर मी द्यायची न्हाय."

पोरीनं पाटीकडं बोट दाखवलं.

"हात न्हाय. खूण."

पोरीनं पाय आपटले. नकोशीचं लुगडं ओढलं. तिसऱ्या दिवशी तर मनगटाला कडकडून चावली. सारजाच्या डोळ्यात पाणी आलं. "वन्सं, द्या की हो. चहा गार झाला."

"गार पिईल. मी थांबलीय, तुमी बी थांबा."

थांबणं सोपं नव्हतं. नकोशीला सगळ्यांत अवघड तेच गेलं. विचारायचं, आणि मग तोंड मिटून बसायचं. जीभ वळवळायची, की सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. रोज संध्याकाळी तिला वाटायचं, आपलंच चुकतंय; पोरगी खरंच मुकी असेल आणि आपण उगाच तिला छळतोय. मग सकाळी शिट्टी ऐकू यायची, पोरगी टुणकन उठून बसायची, आणि नकोशीचा राग पुन्हा पेटायचा.

सहाव्या दिवशी पोरगी पाटीपुढं उकिडवी बसली. बराच वेळ बसली. मग घोगऱ्या, न वापरलेल्या आवाजात म्हणाली, "कान तुटका."

नकोशीला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. पण ती खेळ मोडणारी नव्हती. "असं व्हय? आनि?"

"आत निळा."

"हाय, ने," नकोशी म्हणाली, आणि तिनं पाटी उचलली.

हे शब्द आले कुठून? ते तिला संध्याकाळी कळलं. आबाजी मेंढरं आत घेताना मोजायचे, तेव्हा पुटपुटायचे: कानतुटकी आली, बांडी आली, लंगडी आली. चार वर्षं रोज पोरगी ते ऐकत होती. शब्द आबाजींचेच होते. पोरीला समोर बसवून त्यातला एकही द्यावा, हे मात्र त्यांना सुचलं नव्हतं. नकोशीला रडू आलं, आणि रडता रडता ती आणखीच चिडली.

पुढचे पंधरा दिवस घरातलं काहीही हरवायला लागलं. चप्पल, चाळण, खुडूक कोंबडी. एकदा सारजाचा टेम्पो यायच्या वेळेला पोरगी म्हणाली, "आय हरवलीय."

"खूण सांग."

"हिरवं लुगडं. हाताला भेगा. आली की पाय दाबती, सोताचंच."

सारजानं ते दारातून ऐकलं. ती खुरप्यासकट खाली बसली आणि पोरीला पोटाशी धरून हमसाहमशी रडली. त्या दिवसापासून भाकरी थापताना ती पोरीशी बोलायला लागली. काय बोलावं सुचलं नाही तर पिठाबद्दल बोलायची.

पण आबाजी आणि नागेश समोर आले की पोरगी पुन्हा गप्प. त्यांच्याशी बोलायची तिला कधी गरजच पडली नव्हती. आबाजींनी खेळात भाग घ्यायला साफ नकार दिला. मेंढराच्या कामाचा असा पोरखेळ करत नाहीत, म्हणाले. नागेशनं तर डोळेही नीट उघडले नाहीत.

"आक्का, तू चार दिवस येनार, जानार. तितं तिला शिकिवत्यात, खायला घालत्यात. माझ्यासमोर एक शबुद तरी बोलली का ती?"

"तू तिला एक शबुद इचारलास का?"

"मला शिफ्टला जायचंय," असं म्हणून नागेश गेला.

जूनच्या तेरा तारखेला, सोमवारी, शाळा उघडली. नकोशीनं पोरीचे केस विंचरले, लाल रिबिनी बांधल्या. नागेशची पहिली पाळी, तो पहाटेच गेला होता. म्हणून आबाजी बरोबर आले. रस्ताभर ते एक अक्षर बोलले नाहीत, पण त्यात नवीन काही नव्हतं.

दोन खोल्यांची शाळा, चार वर्ग आणि एकच गुरुजी. टेबलावर वह्यांचे ढीग. माणूस वाईट नव्हता. त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. नकोशीला तेवढीच गोष्ट डोळ्यात खुपली. पाच मिनिटं झाली तरी त्यानं पोरीकडं एकदाही बघितलं नव्हतं.

"गुरुजी, ही बोलती आता," नकोशी म्हणाली. "पयलीत नाव घाला."

गुरुजींनी भिंतीवरच्या तक्त्याकडं पट्टी नेली. तक्त्यावर जहाज होतं. "हे काय आहे, बाळ?"

पोरगी जहाजाकडं बघत राहिली.

"हे?" पट्टी शहामृगावर गेली.

पोरगी गप्प.

"बघा," गुरुजी म्हणाले. "बाई, तुमची माया मला समजते. पण उगाच आशा लावून घेऊ नका."

"माया न्हवं, गुरुजी. जहाज मी बी बघितलेलं न्हाय. तुमी बघितलंय? पिंपळमळ्यात कुठनं आलं जहाज? तिला वळखीचं इचारा, मग सांगा मुकी हाय का काय ती."

"मला बावीस मुलांची नावं लिहायची आहेत," गुरुजी म्हणाले. आणि आबाजींकडं वळून, "फॉर्म आणलाय का?"

आबाजींनी कोपरीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. खाली नागेशची सही होती. कालच केली असणार. नकोशी बापाकडं वळली.

"आबा!"

"नागेशनं दिला," आबाजी जमिनीकडं बघत म्हणाले. "तुला सांगू नको म्हनला."

"आनि तुमी न्हाय सांगितलं! बोलायचं म्हनलं की तुमचं तोंड उघडत न्हाय, आनि लपवायचं म्हनलं की बरं जमतंय! वीस मेंढरांतलं एक कमी झालं तर चार कोस हिंडता तुमी. नातीला कागदावर देऊन टाकता?"

"बाई, आवाज खाली," गुरुजींनी फॉर्म ओढून घेतला. "बुधवारी तिथले कर्मचारी बारामतीला येतायत. त्यांच्याबरोबर पाठवू. मुलीच्या कपड्यांचे दोन जोड तेवढे द्या."

पोरगी सगळं ऐकत होती. बहिरी नव्हतीच ती कधी. तिनं एकदा फॉर्मकडं बघितलं, एकदा आत्याकडं. मग नकोशीचा हात सोडून ती आबाजींच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आबा," ती म्हणाली. "हरवलंय."

आबाजी दचकले. पण ज्याचं आयुष्य मेंढरांमागं गेलं, त्याच्यापुढं कुणी हा शब्द उच्चारला की उत्तर तोंडातून आपोआप येतं. पोरखेळ करत नाहीत, हे ते विसरले.

"खूण सांग."

"पोरगी हाय."

"मंग?"

"बारकी. लाल रिबिनी. गुडघा फुटलेला, कॅनॉलवर पडली तवा." ती थांबली. नकोशीनं ओठ घट्ट मिटून घेतले. गुरुजींची लेखणी वहीवर थांबली. "शिट्टी मारली की येती."

"आनि?" आबाजींनी विचारलं.

"बोलती. समदं बोलती. कुणी इचारतच न्हाय."

बाहेर पोरं प्रार्थनेला रांगा लावत होती. त्यांची ढकलाढकली आत ऐकू येत होती.

रिवाजाप्रमाणं आता आबाजींना उत्तर द्यायचं होतं; दोनच उत्तरं असतात. ते खाली बसले. पोरीचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आला. सहा वर्षांत इतक्या जवळून त्यांनी तो कधी पाहिला होता की नाही, कोण जाणे.

"न्हाय बघितली, बाय," ते म्हणाले. "घरातच व्हती. रोज माज्याच मागं चालत व्हती. पर न्हाय बघितली."

"मग बघ की आता."

आबाजींनी बघितलं. मग उठले, गुरुजींच्या हाताखालचा फॉर्म ओढला आणि त्याचे सरळ चार तुकडे केले. "लेकाची सही हाय," ते म्हणाले. "त्याला काय सांगायचं ते मी सांगीन. लई सांगीन."

गुरुजी गोंधळले. घसा साफ करून म्हणाले, "ते ठीक आहे. पण माझ्या नोंदीत मुकी लिहिलंय. ते खोडायचं तर डॉक्टरचा दाखला लागेल."

"कशाचा दाखला?" नकोशी टेबलाला भिडली. तिला वाटलं होतं, पोरगी बोलली की आपला राग शांत होईल. तो उलट आता कुठं धड उभा राहिला होता. "ती बोलली याचा, का तुमाला ऐकू आलं याचा? लिवताना कुठला डाक्टर इचारला व्हता तुमी? तीन डाव नाव इचारलंत, उत्तर यायच्या आत लिवून मोकळं झालात. एका शब्दापायी पोर बुधवारी घरातनं गेली असती. ज्या पेनानं लिवलंत, त्याच पेनानं खोडा. आत्ता. माज्यासमोर."

गुरुजींनी तिच्याकडं बघितलं, आबाजींकडं बघितलं. वही उघडली. पान शोधायला वेळ लागला. मग त्यांनी पट्टी लावून ती ओळ खोडली, आणि पहिलीच्या पटाची वही पुढं ओढली.

"बरं," ते नकोशीला म्हणाले. "मुलीचं पूर्ण नाव सांगा."

"मला कशाला इचारता?" नकोशी म्हणाली. "ती उभी हाय की समोर. तिला इचारा. आनि थांबा जरा."

गुरुजींनी लेखणी खाली ठेवली, खुर्चीतून पुढं वाकून पोरीला नाव विचारलं, आणि थांबले.